खेळ काल्पनिक, परिणाम वास्तव

सप्टेंबर २००५ मध्ये एका गजबजलेल्या नगरात अकस्मात साथ उद्भवली. चौकाचौकांत माणसे कोसळू लागली. प्रकृतीने दुबळी होती ती क्षणार्धात गतप्राण झाली. सशक्त होती ती रोग अंगावर वागवीत इतरांमध्ये मिसळत राहिली. अनेकांनी नगर सोडून रानाची वाट धरली. ज्यांच्यापाशी उपचाराची विद्या होती, त्यांतील काही जण स्वतःची पर्वा न करता गर्दीत शिरले आणि रुग्णांना जगवण्याच्या खटपटीत स्वतःच रोगाचे वाहक बनले. काही जण केवळ 'काय चालले आहे' ते पाहण्यासाठी आले आणि रोग घेऊन परतले. काही असेही निघाले की, ज्यांनी हेतुपुरस्सर तो शेजारच्या वस्त्यांत नेऊन पसरवला. विलगीकरणाचे प्रयत्न झाले. ते सपशेल फसले.

हे नगर पृथ्वीच्या नकाशावर कोठेही नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या, लाखो लोक आंतरजालाद्वारे एकत्र खेळत असलेल्या संगणकीय खेळातले ते कल्पित नगर होते. ब्लिझर्ड या अमेरिकी कंपनीने खेळात एक नवा टप्पा खुला केला होता. त्यातील हक्कार नावाचा सर्परूपी दैत्य आपल्याशी लढणाऱ्यांना दूषित रक्ताची बाधा करीत असे. ही बाधा त्या एका स्थळापुरती मर्यादित राहावी, अशी योजना होती. परंतु खेळाडूंनी पाळलेल्या प्राण्यांबरोबर ती बाहेर आली आणि आज्ञावलीतील एका चुकीमुळे काल्पनिक जगात खरीखुरी साथ सुरू झाली. कंपनीला अखेर ते जग पूर्ववत करून घ्यावे लागले.

ही घटना तेथेच विसरली गेली असती. पण २००७ मध्ये एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीझेस' या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात तिच्यावर शोधनिबंध लिहिला. साथीच्या काळात माणसे कशी वागतात, याचे गणिती आराखडे शास्त्रज्ञ मांडतात. मात्र कुतूहलापोटी संकटाच्या तोंडाशी जाणारा माणूस त्या आराखड्यांत बसत नव्हता. तो या खेळात दिसला. पुढे २०२० मध्ये कोरोनाची जागतिक साथ आली, तेव्हा पळणारे, सेवा करणारे, बघे आणि बेफिकीर असे चारही प्रकारचे लोक साऱ्या जगाने प्रत्यक्ष पाहिले आणि त्या जुन्या निबंधाची अनेकांना आठवण झाली.

त्या कल्पित नगरात कोणालाही ताप आला नव्हता. रोग खोटा होता, मृत्यू खोटा होता. परंतु भय, कुतूहल, त्याग आणि दुष्टावा या चारही गोष्टी खऱ्या होत्या, कारण त्या खेळातल्या बाहुल्यांच्या नव्हत्या; पडद्यासमोर बसलेल्या माणसांच्या होत्या. 'अहो, खेळच तर आहे' असे म्हणून या विषयाकडे दुर्लक्ष करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात घ्यावयास हवे.

मनावर उमटणारा ठसा

काल्पनिक जगाचा खऱ्या मनावर परिणाम होतो, ही काही नवी गोष्ट नव्हे. नाटकातील मृत्यू पाहून प्रेक्षागृहात डोळे पुसले जातात. कीर्तनात रामवनवासाचा प्रसंग आला की, आजही श्रोत्यांचा कंठ दाटून येतो. मग संगणकीय खेळात निराळे ते काय? निराळे हे की, नाटकाचा प्रेक्षक बसून पाहतो, तर खेळाडू स्वतः कृती करतो. तेथे निर्णय त्याचा असतो, चूक त्याची असते, जय-पराजयही त्याचाच असतो. तीच कृती दिवसाला शेकडो वेळा आणि वर्षानुवर्षे होते, तेव्हा तिचा ठसा मनाच्या कोणत्या थरापर्यंत जात असेल?

याचे उत्तर संशोधकांनी शोधले आहे. 'टेट्रिस' हा वरून पडणारे ठोकळे जुळवण्याचा साधा खेळ १९८४ मध्ये मॉस्को येथे अलेक्सी पाजित्नोव यांनी तयार केला. हार्वर्डमधील रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात या खेळावर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. खेळणाऱ्या अनेकांना झोप लागता लागता डोळ्यांसमोर ठोकळे पडताना दिसत होते. आश्चर्य पुढेच आहे. प्रयोगात स्मृतिभ्रंशाचे काही रुग्ण होते. आपण असा काही खेळ खेळलो, हेच त्यांना आठवत नव्हते. तरीही त्यांच्यापैकी काहींना पडणारे ठोकळे दिसले. बुद्धी विसरली, पण मनाच्या तळाशी खेळ शिल्लक राहिला.

दुसरा प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठातील निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांचा, २००७ मधला. आभासी जगात काहींना उंच देह दिला, काहींना ठेंगणा. नंतर पैशांच्या वाटपाची बोलणी करावयास सांगितले. उंच देह मिळालेले अधिक ठामपणे बोलू लागले. ठेंगण्यांनी अन्यायकारक वाटपही मुकाट्याने मान्य केले. प्रत्यक्षातील उंचीचा येथे काही संबंध नव्हता. माणूस पडद्यावर जे रूप धारण करतो, त्या रूपाला साजेसे वागू लागतो. हरदासी नाटकात देवाचे सोंग घेणारा त्या काळापुरता सोवळे का पाळीत असे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या निष्कर्षाचे फारसे नवल वाटणार नाही.

या सामर्थ्याचा सदुपयोगही होतो. अमेरिकेतील सिॲटल येथे हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी 'स्नो वर्ल्ड' नावाचे आभासी जग विकसित केले. जखमेची पट्टी बदलताना होणाऱ्या वेदना औषधांनाही दाद देत नाहीत. त्या वेळी रुग्णाला बर्फाच्छादित दरीत नेले जाते. तो तेथे बर्फाचे गोळे फेकत असतो आणि त्याला जाणवणारी वेदना लक्षणीयरीत्या कमी होते. कारण वेदनेलाही मनाचे अवधान लागते आणि ते अवधान दुसरीकडे गुंतलेले असते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात ३३ शल्यविशारदांची पाहणी झाली. त्यांपैकी पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक काळ व्हिडिओ गेम खेळलेल्यांच्या हातून, दुर्बिणीद्वारे करावयाच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका झाल्या. २०११ मध्ये तर 'फोल्डइट' हा कोडेवजा खेळ खेळणाऱ्यांनी, एड्ससदृश रोगाशी संबंधित एका विकराची रचना अवघ्या तीन आठवड्यांत उलगडून दाखवली. तज्ज्ञ त्यासाठी दशकाहून अधिक काळ झटत होते.

तेव्हा 'खेळाचा परिणाम होत नाही' असे म्हणणारा अज्ञानी आणि 'खेळाचा परिणाम वाईटच होतो' असे म्हणणारा उतावळा. परिणाम होतो, हे निश्चित. तो कोणता व्हावा, हे कोणाच्या हाती आहे, हा खरा प्रश्न आहे.

दोन घरे, एकच शक्ती

या प्रश्नाचे स्वरूप दोन घटनांवरून स्पष्ट होते.

नॉर्वेमधील मॅट्स स्टीन या तरुणाला लहानपणापासून ड्यूशेन नावाचा, स्नायू क्षीण करीत नेणारा असाध्य आजार होता. चाकाच्या खुर्चीत बसून, बोटांची जेमतेम हालचाल करीत तो आपला बहुतेक वेळ 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळण्यात घालवी. नोव्हेंबर २०१४ मध्ये वयाच्या २५व्या वर्षी तो गेला. आईवडिलांना सर्वांत मोठे दुःख हे होते की, मुलाला ना मित्र लाभले, ना प्रेम, ना कोणाच्या उपयोगी पडल्याचे समाधान. त्याच्या अनुदिनीवर त्यांनी निधनाची वार्ता दिली आणि युरोपातील निरनिराळ्या देशांतून पत्रे येऊ लागली. खेळामध्ये 'इबेलिन' या नावाने वावरणारा हा तरुण कोणाचा सल्लागार होता, कोणाचा आधार होता. एका मुलीच्या आईवडिलांनी तिचा संगणक काढून घेतला, तेव्हा त्याने त्या आईवडिलांना समजुतीचे पत्र लिहिले होते. आपल्या मुलाशी संवाद तुटलेल्या एका मातेला तो पुन्हा कसा जोडावा, हे त्याने सुचवले होते. अंत्यविधीला त्याचे काही सवंगडी परदेशांतून आले. त्यांनी त्याला प्रत्यक्षात एकदाही पाहिलेले नव्हते. २०२४ मध्ये त्याच्यावरील माहितीपट प्रदर्शित झाला. त्यासाठी खेळातील संभाषणांची सुमारे ४२ हजार पृष्ठे उपलब्ध होती. मुलगा पलीकडच्या खोलीत एक भरगच्च आयुष्य जगत होता आणि त्याच्यावर जिवापाड प्रेम करणाऱ्या आईवडिलांना त्याचा पत्ता नव्हता.

दुसरी घटना दक्षिण कोरियातील, २०१० मध्ये उघडकीस आलेली. एक तरुण दांपत्य रोज तासन्‌तास संगणक-केंद्रात जाऊन एक ऑनलाइन खेळ खेळे. त्या खेळात एका काल्पनिक बालिकेचे संगोपन करावयाचे असते. तिला वाढवण्यात दोघे इतके गुंतले की, घरी एकटे टाकलेले त्यांचे स्वतःचे तीन महिन्यांचे मूल उपासमारीने दगावले.

पहिली घटना ऐकून खेळांची आरती ओवाळावी आणि दुसरी ऐकून संगणक फोडावा, असे अनेकांना वाटेल. परंतु दोन्ही घटनांच्या मुळाशी एकच शक्ती आहे. पडद्यावरील आकृतीला माणसाचे मन 'आपले' मानू शकते, तिच्यासाठी कर्तव्य, माया आणि जबाबदारी अनुभवू शकते. ज्या शक्तीने नॉर्वेतील अपंग तरुणाला माणसांपर्यंत नेले, त्याच शक्तीने कोरियातील मातापित्यांना पोटच्या मुलापासून दूर नेले. एकासाठी खेळ ही घराबाहेर पडण्याची वाट ठरली, दुसऱ्यांसाठी घरातून पळण्याची.

हिंसेचा प्रश्न

खेळांविषयी पालकांच्या मनात पहिली भीती असते ती हिंसेची. १९९९ मध्ये अमेरिकेतील कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. ते दोघे 'डूम' हा हिंसक खेळ खेळत असत, हे कळल्यापासून ही भीती जगभर पसरली. तिची शहानिशा मात्र थंड डोक्याने केली पाहिजे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये १४-१५ वर्षांच्या सुमारे एक हजार ब्रिटिश मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिंसक खेळ आणि मुलांचे आक्रमक वर्तन यांत त्यांना संबंध आढळला नाही. अमेरिकी मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये घेतलेली भूमिका किंचित वेगळी आहे. अशा खेळांचा ओरडणे, ढकलाढकली करणे यांसारख्या आक्रमकतेशी अल्प संबंध दिसतो. मात्र खून, गोळीबार यांसारख्या हिंसाचाराचे खापर त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही, असे ती म्हणते.

याचा अर्थ सहा वर्षांच्या मुलाच्या हाती रक्तपाताचा खेळ द्यावा, असा होत नाही. कोणत्या वयात काय दाखवावे, याचा विवेक घराघरांत असतोच. पण हिंसेच्या बागुलबुवाकडे पाहताना, शांतपणे घरात शिरलेल्या दुसऱ्या संकटाकडे पाठ होते. ते संकट बंदुकीच्या रूपात येत नाही. ते रंगीबेरंगी पेटीच्या रूपात येते.

फासे तेच, पट नवा

एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने २००१ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' या खेळातील काल्पनिक प्रदेशाचा आर्थिक ताळेबंद मांडला. खेळाडू तेथील तलवारी, चिलखते आणि नाणी खऱ्या डॉलरला विकत होते. त्या व्यवहारांवरून हिशेब केला असता, अस्तित्वातच नसलेल्या या देशाचे दरडोई उत्पन्न २,२६६ डॉलर निघाले. जगातील देशांच्या यादीत त्याचा क्रमांक ७७वा लागला असता. काल्पनिक वस्तूंना खरी किंमत येते, हे तेव्हाच सिद्ध झाले. व्यापाऱ्यांनी त्यातून बोध घेतला नसता तरच नवल!

पूर्वी खेळ एकदा विकत घेतला की व्यवहार संपत असे. आज मोबाइलवरील बहुतेक खेळ फुकट मिळतात आणि पैसा खेळाच्या आत मिळवला जातो. त्यासाठी जी साधने वापरली जातात, त्यांत 'लूट बॉक्स' हे प्रमुख. पैसे भरून बंद पेटी उघडायची. आत काय निघेल, हे दैवाधीन. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवरील प्रयोगांतून दाखवले होते की, दाणा दर वेळी निश्चित मिळण्यापेक्षा कधी मिळेल हे अनिश्चित असले, तर पक्षी अधिक चिकाटीने चोच मारत राहतो. जुगाराच्या यंत्राचे तेच तत्त्व आणि बंद पेटीचेही तेच. डेव्हिड झेंडल आणि पॉल केर्न्स यांच्या २०१८ च्या अभ्यासात अशा पेट्यांवर अधिक खर्च करणे आणि जुगाराची समस्या यांत संबंध आढळला. बेल्जियमने त्याच वर्षी पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या अशा पेट्या जुगाराच्या कायद्याखाली अवैध ठरवल्या. याखेरीज रोज खेळ उघडल्याबद्दलचे बक्षीस, 'आज रात्रीपर्यंतच' मिळणारा पोशाख, एक दिवस चुकला तर तुटणारी मालिका, ही सारी आमिषे योगायोगाने सुचलेली नाहीत. मुलाची इच्छाशक्ती एका बाजूला आणि सुशिक्षित तज्ज्ञांची फौज दुसऱ्या बाजूला, असा हा विषम सामना आहे.

भारतीय मनाला हा पट अपरिचित नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ३४वे सूक्त 'अक्षसूक्त' म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात देवांची स्तुती नाही. फाशांच्या नादाने पत्नी दुरावलेल्या, घरी तोंड दाखवण्याची चोरी झालेल्या जुगाऱ्याची ती व्यथा आहे. पुन्हा खेळणार नाही असा निश्चय तो करतो आणि फाशांचा आवाज कानी पडताच पावले तिकडे वळतात. अखेरीस त्याला उपदेश मिळतो तो शेती करण्याचा, म्हणजे कष्टाने पिकणाऱ्या गोष्टीकडे परतण्याचा. हजारो वर्षांपूर्वीच्या या रचनेतील मनोवस्था आजच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या टिपणात जशीच्या तशी आढळेल. महाभारतातील द्यूतसभाही अशीच. पट काल्पनिक, सोंगट्या लाकडाच्या, दान आकड्यांचे. पण गेले ते राज्य खरे होते आणि पणाला लागलेली द्रौपदीही खरी होती. सभेतील ज्येष्ठ मात्र 'खेळ आहे, नियमाने चालला आहे' असे समजून गप्प राहिले.

या पार्श्वभूमीवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेला ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा महत्त्वाचा आहे. सरकारी अंदाजानुसार देशातील सुमारे ४५ कोटी लोक पैशांच्या ऑनलाइन खेळांत दरवर्षी सुमारे २० हजार कोटी रुपये गमावत होते. या कायद्याने असे खेळ चालवण्यास व त्यांच्या जाहिरातींस मनाई केली. ते चालवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. त्याच वेळी ई-क्रीडा आणि निखळ मनोरंजनाचे खेळ यांना उत्तेजन देण्याचेही धोरण ठेवले. हा भेद योग्यच आहे. परंतु पैसा पणाला लावणे कायद्याने रोखता येते. झोप, अभ्यास आणि उमेदीची वर्षे पणाला लावणे कोणता कायदा रोखणार?

बंदीची मर्यादा

कायद्याने हेही करून पाहिलेले आहे. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहा या वेळेत ऑनलाइन खेळ बंद केले. दहा वर्षांनी, मुले मोबाइलकडे वळल्यावर, हा कायदा कालबाह्य ठरला आणि २०२२ च्या आरंभी तो रद्द झाला. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या एवढ्याच दिवशी रात्री आठ ते नऊ, असा एकच तास ठरवून दिला. मुले मोठ्यांच्या नावाची खाती वापरू लागतात म्हणून तेथील कंपन्यांना चेहरा ओळखणारी यंत्रणा आणावी लागली. भारतात सप्टेंबर २०२० मध्ये 'पब्जी'वर बंदी आली. ती राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव होती आणि त्या दृष्टीने ती आवश्यकही होती. परंतु मुलांची सवय सुटेल, अशी आशा ज्या पालकांनी बाळगली, त्यांची निराशा झाली. वर्षभराच्या आत, जुलै २०२१ मध्ये, तोच खेळ नव्या नावाने आणि नव्या व्यवस्थेसह परत आला आणि मुले जिथल्या तिथे बसली.

शासनाने जुगार रोखावा, विदिताची चोरी रोखावी, वयाची मर्यादा पाळून घ्यावी. त्यापुढचे काम शासनाचे नाही. ते घराचे आहे.

घराने काय करावे?

प्रथम, घाबरणे सोडावे. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' ही व्याधी २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात मान्य केली. ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. परंतु तिची कसोटी कडक आहे. खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे, ही लक्षणे साधारणतः बारा महिने टिकली तरच ती व्याधी मानावी. खेळणाऱ्यांपैकी अल्प प्रमाणातील लोकच या वर्गात मोडतात, असे संघटनाच सांगते. ज्यांच्या घरी खरोखर ही वेळ आली असेल, त्यांनी लाज बाळगू नये. बंगळूरूच्या 'निम्हान्स' संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरावर उपचार करणारे स्वतंत्र केंद्र चालू आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे घराण्याला बट्टा लावणे नव्हे.

दुसरे, मूल काय खेळते ते शेजारी बसून पाहावे. हा सल्ला साधा वाटेल. पण त्यावाचून पुढचे काहीच साधत नाही. एक उदाहरण पुरेसे आहे. आई जेवायला हाक मारते आणि मुलगा 'आलो, दोन मिनिटे' म्हणत अर्धा तास उठत नाही. आईला तो उद्धटपणा वाटतो. प्रत्यक्षात आज लोकप्रिय असलेल्या रणांगणाच्या खेळात शंभर खेळाडू एकाच वेळी उतरतात, चौघांची तुकडी असते आणि एक डाव सुमारे अर्धा तास चालतो. तो मध्येच थांबवता येत नाही. मुलगा उठला तर त्याचे तीन सोबती उघड्यावर पडतात. म्हणजे ज्या क्षणी आईला तो बेजबाबदार दिसतो, त्याच क्षणी तो आपल्या परीने एक जबाबदारी निभावत असतो. हे ज्या आईला ठाऊक आहे ती 'आत्ताच्या आत्ता बंद कर' असे म्हणणार नाही. 'हा डाव संपला की ताटावर ये, पुढचा सुरू करू नकोस' असे म्हणेल. आणि मग तो आला नाही, तर तिच्या रागाला न्याय्य आधार असेल. नियम कडक असावा, पण तो ज्याच्यासाठी केला त्याला समजलेला असावा.

तिसरे, काही मर्यादा निरपवाद असाव्यात. रात्री मोबाइल मुलाच्या उशाशी नसावा. वडिलांचे बँक खाते किंवा यूपीआय खेळाला जोडलेले नसावे. खेळता खेळता बोलणारे अनोळखी आवाज कोणाचे आहेत, हे घरातल्यांना ठाऊक असावे. आणि जेवणाच्या पानावर मोबाइल नको, हा नियम वडिलांनाही लागू असावा. कारण रात्री साडेदहापर्यंत स्वतः पडद्यात डोके घालून बसणाऱ्याने मुलाला संयमाचे पाठ दिले, तर मुलगा ते ऐकत नाही, तो केवळ पाहतो.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे. मुलाला तेथे असे काय मिळते, जे येथे मिळत नाही, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा. खेळात त्याने पराक्रम केला की, लगेच त्याची नोंद होते. घरात त्याच्या ८२ टक्क्यांची नोंद 'अठरा कुठे गेले?' या प्रश्नाने होते. खेळात त्याला तुकडी आहे; वाड्याचे अंगण आणि चाळीचा चौक गेल्यापासून, विटीदांडू आणि लगोरी खेळायला येथे त्याला तुकडी नाही. इमारतीखालची मोकळी जागा मोटारींनी व्यापली आहे आणि तेथे चेंडू नेला तर सोसायटीचे चिटणीस हटकतात. खेळात तो हरला तरी पुन्हा डाव मांडता येतो. शिकवणी, चाचण्या आणि प्रवेशपरीक्षा यांच्या चक्रात एकदा हरण्याचीही त्याला मुभा नाही. असे असता तो पडद्याकडे वळला, तर दोष एकट्या पडद्याचा कसा? मुलाच्या हातातून मोबाइल काढून घेताना त्याच हातात दुसरे काय द्यायचे, याचा विचार आधी व्हावयास हवा. सोसायटीने रोज सायंकाळी दोन तास मोटारी हलवून जागा मोकळी करावी, शाळेने सुटीच्या दिवशी मैदान उघडे ठेवावे, घरातील एका मोठ्या माणसाने आठवड्यातून एक दिवस तरी गडावर किंवा नदीकाठी मुलांसोबत जावे. यांत अशक्य असे काहीच नाही.

पट कोणी मांडायचा?

अखेर प्रश्न उरतो तो निर्मितीचा. भारताने जगाला खेळ दिले आहेत. आज सापशिडी म्हणून ओळखला जाणारा खेळ मुळात मोक्षपट होता. महाराष्ट्रातील परंपरा त्याचे नाते ज्ञानेश्वर माउलींशी जोडते. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण आणि शेवटचे घर मोक्षाचे. खेळता खेळता मुलाच्या मनावर कर्मविचाराचा ठसा उमटावा, ही त्यामागील दृष्टी होती. काल्पनिक पट खऱ्या मनाला घडवतो, हे ज्यांनी तो पट आखला त्यांना पक्के ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडला गेला. हळूहळू त्यातील तत्त्वविचार गळाला आणि परत आला तो निव्वळ फाशांचा खेळ होऊन.

आजचा पट संगणकावर मांडला जातो आणि भारतीय मुले ज्या कल्पित जगांत वावरतात, ती बहुतेक इतरांनी रचलेली असतात. चित्र अगदीच निराशाजनक मात्र नाही. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या चमूने २०२० मध्ये 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ जगासमोर आणला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवण्यासाठी निघालेल्या राजी या मुलीची ती कथा. राजस्थानी वास्तुशैलीचे महाल, पहाडी चित्रशैलीची आठवण देणारी दृश्ये आणि दुर्गा-विष्णूंच्या संवादातून उलगडणारे कथानक जगभरच्या खेळाडूंनी आवडीने पाहिले. लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा त्यांचा २०१७ चा प्रयत्न अपुरा पडला होता. तरी त्यांनी काम सोडले नाही. मराठी मध्यमवर्गाने आपल्या चित्रकार, कथाकार आणि अभियंता मुलांना या क्षेत्रात जाऊ द्यावे. 'गेम बनवतो' हे सांगताना त्यांना खाली पाहावे लागू नये.

नॉर्वेतील त्या आईवडिलांना मुलाचे जग कळले ते त्याच्या मृत्यूनंतर. प्रेमात ते कोठेही कमी पडले नव्हते. त्या दारापलीकडे काही घडत असेल, ही कल्पनाच त्यांना आली नव्हती. ज्या घरांत मूल आजही पलीकडच्या खोलीत बसलेले आहे, त्या घरांना ती कल्पना आलेली आहे. आज रात्रीच्या जेवणानंतर त्या खोलीचे दार उघडावे, खुर्ची ओढून शेजारी बसावे आणि 'हे कसे खेळतात, मला दाखव पाहू' असे म्हणावे.